खंदक बुजवण्याचा अर्ज

न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचं गाव. १९५० च्या जनगणनेत तिथली वस्ती ३,३२,४८८ होती आणि ती वाढतच जाणार याबद्दल तेव्हा फारशी कोणाला शंका नव्हती. म्हणून मधल्या बाजारपेठेभोवती एक वर्तुळाकार द्रुतगती रस्ता काढायचं ठरलं. नाव इनर लूप. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झालं, १९६५ मध्ये वर्तुळ पुरं झालं. त्यासाठी घरं-दुकानं पाडली, जमीन खोल खणली आणि रस्ता आजूबाजूच्या गल्ल्यांच्या खालून नेला. गल्ल्या पुलांवरून ये-जा करू लागल्या.

पुढे कारखाने आटले, माणसं उपनगरांत गेली. २०१० साली वस्ती उरली २,१०,५६५. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. गावातले लोक त्याला खंदक म्हणू लागले. किल्ल्याचा खंदक शत्रूला अडवतो. हा गावातल्याच माणसांना बाजारपेठेत पायी यायला अडवत होता.

या वर्तुळाचा पूर्वेकडचा सुमारे एक किलोमीटरचा तुकडा २०१४ ते २०१७ या काळात बुजवला गेला. बुजवला म्हणजे शब्दशः माती भरून जमिनीच्या पातळीला आणला, आणि वर साधा शहरी रस्ता केला. खर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलर. त्यातले १ कोटी ७७ लाख केंद्र सरकारचे, सुमारे ३८ लाख राज्याचे आणि सुमारे ४ लाख शहराचे. म्हणजे शंभर रुपयांच्या कामात पालिकेने खिशातून दोन रुपये घातले. आपल्याकडच्या कुठल्याही मुख्याधिकाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल असं हे प्रमाण आहे. हे पैसे मिळाले कसे, हा या टिपणाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो: अर्ज २०१३ साली भरला गेला, पण तो जिंकला गेला त्याच्या कितीतरी आधी.

पेट्रोलवरचा पैसा

अमेरिकेत स्थानिक रस्त्याला केंद्राचा पैसा येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली सरळ आहे. प्रत्येक गॅलन पेट्रोलमागे १८.४ सेंट केंद्रीय कर जातो. हा दर १९९३ पासून बदललेला नाही. तीस वर्षांहून अधिक काळ महागाई वाढतेय, गाड्या कमी पेट्रोल पितायत आणि कर तिथेच. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हायवे ट्रस्ट फंडात ही रक्कम जमा होते. २००८ पासून या फंडाला सर्वसाधारण तिजोरीतून टेकू द्यावा लागतोय, यात नवल नाही.

इंधनावर कर लावून तो रस्त्यासाठीच राखून ठेवायची कल्पना आपल्याला परकी नाही. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते, तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा आकारून रस्त्यांसाठी निधी उभारा, अशी शिफारस त्यांच्या समितीने केली आणि १९२९ मध्ये केंद्रीय मार्ग निधी अस्तित्वात आला. अमेरिकेच्या ट्रस्ट फंडाच्या सत्तावीस वर्षं आधी! आज आपल्या आमदारांच्या फलकांवर ‘केंद्रीय मार्ग निधीतून मंजूर’ असं लिहिलेलं दिसतं, त्याचं मूळ हे.

तर ट्रस्ट फंडातला पैसा ठरलेल्या सूत्राने राज्यांना वाटला जातो. त्यातला काही भाग मोठ्या शहरी प्रदेशांतल्या नियोजन संस्थांच्या विचाराने खर्च होतो. रॉचेस्टरच्या प्रदेशासाठी ही संस्था म्हणजे जेनेसी ट्रान्स्पोर्टेशन कौन्सिल. कुठल्याही पालिकेला आपल्या रस्त्यावर केंद्राचा डॉलर खर्चायचा असेल, तर ते काम या संस्थेच्या किमान चार वर्षांच्या कार्यक्रमात असावं लागतं, आणि तिथून राज्याच्या कार्यक्रमात जावं लागतं. यादीत नाव नाही तर पैसा नाही. सूत्राच्या वाटेने आलेल्या स्थानिक कामात साधारणपणे ८० टक्के केंद्राचे असतात. न्यूयॉर्क राज्यात मार्किसेली नावाची एक योजना आहे. उरलेल्या २० पैकी १५ ती उचलते, पालिकेला ५ द्यावे लागतात.

मग याच वाटेने खंदक का बुजवला नाही? कारण ही वाट सगळ्या प्रदेशाची सामाईक असते. शेजारच्या गावांचे मोडकळीला आलेले पूल, डांबरीकरण, सिग्नल, सगळे त्याच ताटात जेवणारे. एका शहराने एका किलोमीटरसाठी दोन कोटी डॉलर मागितले, तर बाकीचे वर्षानुवर्षं ताटकळतील. जिल्हा नियोजन समितीची बैठक ज्याने पाहिली आहे त्याला हे समजवायला नको.

दुसरी वाट: स्पर्धा

२००९ मध्ये मंदीतून सावरण्यासाठी अमेरिकी संसदेने मोठा खर्चाचा कायदा केला. त्यात दीड अब्ज डॉलर बाजूला काढून एक नवी योजना आणली: टायगर. यात सूत्र नव्हतं. राज्य, शहर, बंदर, कोणीही थेट केंद्रीय परिवहन खात्याकडे अर्ज करायचा आणि खात्याने गुणवत्तेवर निवड करायची. योजना टिकली, नाव मात्र टिकलं नाही. २०१८ मध्ये ती बिल्ड झाली, २०२१ मध्ये रेज, २०२५ मध्ये पुन्हा बिल्ड. सरकार बदललं की पाटी बदलते, हा आजार फक्त आपलाच नाही.

२०१३ च्या फेरीत वाटायला होते ४७ कोटी ४० लाख डॉलर. मागण्या आल्या ९ अब्जांहून अधिक. एका डॉलरसाठी एकोणीस हात पुढे आले म्हणा ना. सप्टेंबरमध्ये ३७ राज्यांतली ५२ कामं निवडली गेली, म्हणजे सरासरी एका कामाला ९१ लाख. रॉचेस्टरला मिळाले त्याच्या जवळपास दुप्पट.

आपल्याकडे अशी स्पर्धा स्मार्ट सिटीच्या वेळी झाली होती. जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत पुणे दुसरं आलं, सोलापूर नववं. तेव्हा आराखडे कसे तयार झाले, सल्लागारांनी किती पानं छापली हे अनेकांना आठवत असेल. रॉचेस्टरची गोष्ट वेगळी ठरते ती इथे.

तेवीस वर्षांचा गृहपाठ

पूर्वेकडचा इनर लूप काढून टाकावा ही सूचना शहराच्या आराखड्यात पहिल्यांदा आली १९९० मध्ये. नंतर अभ्यास झाले, वाहतुकीची मोजणी झाली, पर्याय मांडले गेले, लोकांच्या बैठका झाल्या. महापौर आले आणि गेले. पैसा नव्हता, त्यामुळे कागद कपाटात जात, पुन्हा बाहेर येत, आणि दर वेळी थोडे पुढे सरकत.

स्पर्धात्मक योजनेची गंमत अशी की, सूचना निघाल्यापासून अर्जाची मुदत संपेपर्यंत हाती काही आठवडेच असतात. तेवढ्यात नवीन प्रकल्प जन्माला घालता येत नाही. वाहतुकीचे आकडे, नकाशा, अंदाजपत्रक, लोकांचा कौल, राज्याच्या रस्ते खात्याची संमती, आपला हिस्सा कुठून येणार याचा ठराव, सगळं आधीच हवं. साध्या नोंदणीचीच गोष्ट घ्या. केंद्राचं अनुदान मागणाऱ्याला सरकारी प्रणालीत स्वतःची नोंद करावी लागते, तिचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ती पूर्ण व्हायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. मुदतीच्या आदल्या आठवड्यात हे लक्षात आलेल्या लहान पालिकांचं काय होतं ते सांगायला नको. प्रकल्प कितीही चांगला असो, अर्ज दारातूनच परत.

शिवाय टायगरचा एक नियम निर्णायक होता: २०१३ च्या फेरीतला पैसा ३० सप्टेंबर २०१४ पर्यंत कागदोपत्री बांधला गेला पाहिजे, म्हणजे केंद्राने तो अधिकृतपणे त्या कामाच्या नावे लावला पाहिजे, नाहीतर गेला. निवड ते पैशाची ही बांधणी, हाती जेमतेम एक वर्ष. ज्याचा पर्यावरणविषयक अहवाल अजून सुरूच व्हायचा आहे, जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याने अर्ज करून उपयोग नाही. रॉचेस्टरच्या बाजूने इथे खंदकच उभा राहिला. बहुतेक काम रस्त्याच्या आधीच्याच हद्दीत होतं. कोणाचं घर घ्यायचं नव्हतं. भूसंपादन नाही म्हटल्यावर अर्धी लढाई संपली, हे आपल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला विचारा.

काहीच न करण्याचा खर्च

आता अर्जाच्या पोटात शिरू. खात्याने पाच मुख्य निकष ठेवले होते: मालमत्तेची देखभाल, अर्थव्यवस्था, राहणीमान, पर्यावरण, सुरक्षा. त्यांखाली नावीन्य आणि भागीदारी. बहुतेक अर्जदार अर्थव्यवस्थेवर जोर देतात. इतके रोजगार, तितकी गुंतवणूक, अशी फुगवलेली वाक्यं. खंदक बुजवण्याच्या बाजूचा सर्वांत पक्का मुद्दा मला वाटतो तो पहिल्या निकषाचा.

खंदक आहे तसा ठेवणं फुकट नव्हतं. पन्नास वर्षांचे पूल, पन्नास वर्षांच्या संरक्षक भिंती, उतारमार्ग. आज ना उद्या ते दुरुस्त करावे लागणार, मग बदलावे लागणार. आणि हे सगळं कोणासाठी? या तुकड्यावरून दिवसाला जाणाऱ्या सुमारे सात हजार गाड्यांसाठी. साध्या दुपदरी रस्त्याला सहज पेलेल एवढी ही वर्दळ; तिच्यासाठी दोन्ही बाजूंचे समांतर रस्ते धरून काही ठिकाणी बारा मार्गिका पसरल्या होत्या. तुलना करायची ती ‘दोन कोटी खर्च की शून्य खर्च’ अशी नव्हतीच. एका बाजूला एकदाचा खर्च आणि मोकळी झालेली सहा एकर जमीन, दुसऱ्या बाजूला पुलांवरचा कधीही न संपणारा खर्च आणि तोच खंदक.

आपल्या प्रकल्प अहवालांत ‘प्रकल्प केला नाही तर’ हा रकाना असतो, पण तो भरला जातो एका वाक्यात: ‘नागरिकांची गैरसोय होईल.’ किती रुपयांची, किती वर्षं, ते कोणी लिहीत नाही. मला वाटतं या एका रकान्यावर आठवडा घालवायला हवा.

लाभ-खर्चाच्या गणिताविषयीही थोडं. टायगरच्या अर्जात भविष्यातले लाभ आजच्या किमतीत आणून दाखवावे लागत, ७ टक्क्यांच्या दराने, आणि तुलनेसाठी ३ टक्क्यांनेही. दिसायला रुक्ष, पण डाव इथेच पलटतो. वीस वर्षांनी मिळणारे १०० डॉलर ७ टक्क्यांनी आज फक्त २६ भरतात. ३ टक्क्यांनी ५५. झाडांची सावली, मोकळ्या जमिनीवर हळूहळू उभं राहणारं गाव, हे सगळे दूरचे लाभ ७ टक्क्यांत वितळून जातात. टळलेली पूल-दुरुस्ती मात्र जवळची असते, त्यामुळे ती गणितात खणखणीत वाजते. आणखी एक अडचण. रोजगार आणि जमिनीचा वाढलेला भाव अर्जदार हौसेने लाभात धरतात. खात्याचे अर्थतज्ज्ञ त्याकडे संशयानेच पाहतात, कारण हे बऱ्याचदा एका खिशातलं दुसऱ्या खिशात गेलेलं असतं किंवा एकच लाभ दोनदा मोजलेला असतो. ज्याने कमी लाभ मांडले पण प्रत्येकाचा हिशोब दाखवला, तो इथे टिकतो.

पाठिंब्याची पत्रंही जोडली जातात, आणि खासदार आपापल्या परीने शब्द टाकतात. रॉचेस्टरच्या प्रतिनिधी लुईस स्लॉटर आणि सिनेटर चक शूमर यांनी या कामाचा पाठपुरावा केला होता. राजकारण नाही असं कोणी समजू नये. पण साठ पत्रांपेक्षा एक पत्र जड असतं: राज्याच्या तिजोरीतून हिस्सा देतो असं सांगणारं.

मंजूर म्हणजे मिळाले नव्हे

इथे वाचकाने जरा थांबावं, कारण सर्वाधिक गैरसमज याच टप्प्यावर होतात. निवड जाहीर झाली, महापौरांनी हसून छायाचित्र काढलं, याचा अर्थ पैसा आला असा नाही. निवडीनंतर केंद्राबरोबर करार करावा लागतो, पर्यावरणविषयक मान्यता पूर्ण करावी लागते, आणि मग केंद्र ती रक्कम त्या कामाला अधिकृतपणे बांधते. त्याआधी पालिकेने जो खर्च केला तो साधारणपणे परत मिळत नाही. उत्साहाच्या भरात कार्यारंभ आदेश लवकर दिला, तर ते बिल स्वतःच्या खिशातून. आपल्याकडे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ अशी जी उतरंड आहे तिला आपण नावं ठेवतो. ही उतरंड तिथेही आहे, फक्त पायऱ्यांची नावं वेगळी.

बांधलेल्या आणि न बांधलेल्या पैशातला फरक किती जीवघेणा असतो हे २०२५ मध्ये दिसलं. महामार्गांनी तोडलेल्या वस्त्या जोडण्यासाठी २०२२ च्या कायद्याने एक वेगळा निधी दिला होता. कित्येक शहरांची नावं जाहीर झाली होती. जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने त्यातली जी रक्कम अजून बांधली गेली नव्हती ती परत काढून घेतली. जाहीर झालेलं अनुदान कागदावरच राहिलं. टायगरची एका वर्षाची मुदत तेव्हा अर्जदारांना जाचक वाटली असेल. त्याच मुदतीने रॉचेस्टरला पळवलं.

आणि करार झाल्यावरही केंद्र धनादेश पाठवून मोकळं होत नाही. शहर ठेकेदाराला पैसे देतं, मग बिलं सादर करतं, मग परतावा येतो. म्हणजे २ टक्के हिस्सा असला तरी मधल्या काळात रोकड शहराला सांभाळावी लागते. त्याबरोबर केंद्राच्या अटी येतात: पोलाद अमेरिकेत बनलेलं, मजुरांना ठरलेली स्थानिक मजुरी, वंचित गटांच्या ठेकेदारांना वाटा (हा नियम २०२५ मध्ये बदलला), आणि वर्षानुवर्षं जपून ठेवायची दप्तरं. लहान कामाला या अटी झेपत नाहीत. पाच-सात लाख डॉलरचं डांबरीकरण असेल तर पुष्कळ अनुभवी नगर अभियंते केंद्राच्या पैशाच्या वाटेला जात नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर करतात. स्पर्धेतल्या पैशालाही उंबरठा होता: २०१३ च्या फेरीत शहरी भागात टायगर १ कोटी डॉलरखालचं अनुदान देतच नसे.

नापास झालेल्यांसाठी एक सोय मात्र फार चांगली आहे. खातं त्यांना बोलावून अर्ज कुठे कमी पडला ते सांगतं. तेच टिपण घेऊन पुढच्या फेरीत उतरणारी शहरं थोडी नाहीत. आपल्याकडे नामंजूर प्रस्ताव ‘त्रुटींची पूर्तता करावी’ एवढ्याच शेऱ्यानिशी येतो, तोही आला तर.

माती पडल्यावर

नोव्हेंबर २०१४ मध्ये काम सुरू झालं, डिसेंबर २०१७ मध्ये संपलं. खंदकाच्या जागी युनियन स्ट्रीट दोन मार्गिकांचा साधा रस्ता झाला, कडेला पार्किंग, रुंद पदपथ आणि दुहेरी सायकलवाट. चालताना रस्ता ओलांडायला आता पूल शोधावा लागत नाही. मोकळ्या झालेल्या जमिनीवर इमारती उठल्या. पाचशेहून अधिक घरं, त्यांतली निम्म्याहून अधिक बाजारभावापेक्षा स्वस्त. शेजारच्या खेळ-खेळण्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२३ मध्ये मोठा विस्तार केला. २ कोटी २० लाखांच्या कामामागे २२ कोटी ९० लाखांची गुंतवणूक आली असं शहर सांगतं. हा आकडा मी जरा साशंकपणेच घेतो, कारण त्यातलं किती शहराच्या दुसऱ्या भागात तसंही झालं असतं हे असा आकडा कधीच सांगत नाही. पण इमारती खऱ्या आहेत, त्या दिसतात.

मला खटकतं ते वेगळंच. इनर लूपच्या उत्तर बाजूला गरीब आणि मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्या होत्या. रस्ता आला तेव्हा त्यांचं सर्वाधिक मोडलं. मग आधी पूर्व बाजू का? कारण तिथे वर्दळ कमी, त्यामुळे गाड्या वळवणं सोपं. शेजारी जमिनीला भाव, त्यामुळे गुंतवणूकदार तयार. अभियांत्रिकी सरळ, त्यामुळे एका वर्षात पैसा बांधता येण्याजोगी. स्पर्धेच्या प्रत्येक निकषावर पूर्व बाजू जास्त गुण घेणारी होती. निकष वाईट नव्हते, कोणी लबाडीही केली नाही. तरी निकाल असा लागला की ज्यांचं कमी बिघडलं होतं त्यांचं आधी सुधारलं.

उत्तर बाजूचा अभ्यास त्यानंतर सुरू झाला. तिथला खंदक बुजवण्यासाठी न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये १० कोटी डॉलर राखून ठेवले, म्हणजे पूर्वेच्या सगळ्या कामाला लागले त्याच्या साडेचार पट. हा पैसा स्पर्धेतून आला नाही, राज्याच्या अर्थसंकल्पातून आला.